वीसबाईंची स्लाइड

खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. इस्पितळाच्या तळमजल्यावर जंतू तपासायची लॅब होती, तिथे सगळे त्यांना वीसबाईच म्हणत. कारण अगदी साधं होतं. स्लाइडवरचा रंग काढायला स्पिरिट ओतलं की बाई मोठ्याने मोजायला लागत, एक, दोन, तीन, आणि विसाला नळ सोडत. एकोणिसाला नाही, एकविसाला नाही. मध्येच फोन वाजू दे, शेजारी कुणाच्या हातून काचेची बशी फुटू दे, बाईंचं मोजणं चुकायचं नाही. एकदा वरून कुणी मोठे साहेब पाहणीला आले आणि "नमस्कार, काय चाललंय?" असं विचारते झाले. बाई म्हणाल्या, "अकरा." साहेब बिचारे विसापर्यंत हात जोडून उभे राहिले.

एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. थुंकी, लघवी, पू, रक्त, मणक्यातलं पाणी, जे जे माणूस आजारी पडल्यावर त्याच्यातून निघतं ते ते त्यांच्या टेबलावर येई. बोटांची टोकं कायमची जांभळी झालेली. लग्नाकार्याला जाताना पूर्वी घासून घासून काढायच्या, पुढे तेही सोडून दिलं. स्वभावाने तिखट. कामात नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या नाकावरची माशी मात्र बरोबर दिसायची. डॉक्टरांनासुद्धा ऐकवायच्या. "नमुना कोरडा करून पाठवलात, आता मी काय त्याचं लोणचं घालू?" असं एका सर्जनला फोनवर बोललेलं सगळ्या मजल्याने ऐकलं होतं. तरी अडलं की तो सर्जनही त्यांनाच विचारायचा, कारण वीसबाईंनी सांगितलं म्हणजे ते तसंच असायचं. हा लौकिक त्यांनी कष्टाने मिळवला होता आणि त्याचा त्यांना गर्व होता. तो नव्हता असं म्हणायला मी काही त्यांचा नातेवाईक नाही.

दरवर्षी कॉलेजातल्या सात-आठ मुली शिकायला येत. पहिल्या दिवशी बाई विचारायच्या, जंतू म्हणजे काय? मुली घोकलेलं घडाघडा म्हणायला लागत.

"ते राहू द्या," बाई म्हणायच्या. "एका खोलीचं घर आहे असं समजा. आत भिंती नाहीत, कपाटं नाहीत. मधोमध एक लांबलचक दोरा गुंडाळून पडलाय, उघड्यावरच. आपल्या पेशीत त्याला वेगळी पेटी असते, याच्याकडे पेटीबिटी काही नाही. त्या दोऱ्यावर याचा सगळा कारभार लिहिलेला. आजूबाजूला हजारो बारीक दाणे, ते दोऱ्यावरचा निरोप घेऊन प्रथिनं बनवत बसतात. सगळ्याभोवती पातळ पडदा. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, ते पडद्याने ठरवायचं. आणि पडद्याच्या बाहेर भिंत. ती भिंत नसेल तर आतल्या दाबाने हा फुटून जाईल. कुणाला वरून शेपट्या असतात, त्यांनी पोहतो. बस, एवढाच प्रपंच. डोळे नाहीत, पोट नाही, आई नाही, बाप नाही. बरं चाललं तर अर्ध्यापाऊण तासात एकाचे दोन होतात. आणि एक लक्षात ठेवा, त्याच्या मनात तुमच्याबद्दल काही वाईट नाही. त्याला मनच नाही."

मग भिंतीचा धडा. सगळ्या जंतूंना आधी जांभळा रंग पाजायचा, वर आयोडिन घालून तो आत घट्ट बसवायचा, मग स्पिरिट ओतायचं. ज्याची भिंत जाड, थरावर थर घातलेल्या गोधडीसारखी, तो जांभळा रंग धरून ठेवतो. ज्याची भिंत पातळ आणि वरून चरबीचा पापुद्रा, त्याचा पापुद्रा स्पिरिटने विरघळतो आणि रंग वाहून जातो. त्याला नंतर गुलाबी रंग द्यायचा. म्हणजे जांभळे आणि गुलाबी, जंतूंची ही दोन मोठी घराणी. कोणतं औषध चालेल हे निम्मंअधिक यावरच ठरतं. पण स्पिरिट जास्त वेळ राहिलं तर जाड भिंतसुद्धा हार मानते आणि जांभळा खुशाल गुलाबी दिसायला लागतो. म्हणून ते वीस.

आणि म्हणूनच साक्षीदार. हा शब्द बाईंचा स्वतःचा. स्लाइडच्या मध्यावर रोग्याचा नमुना लावायचा, एका टोकाला ओळखीच्या जांभळ्या जंतूचा ठिपका द्यायचा, दुसऱ्या टोकाला ओळखीच्या गुलाबीचा. तिघांना एकदम रंगवायचं. दोन्ही साक्षीदार आपापल्या रंगात निघाले तरच मधल्याचं म्हणणं मानायचं. एखाद्या मुलीने साक्षीदारांवाचून स्लाइड आणली तर बाई ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्याच नाहीत, सरळ कचऱ्यात टाकायच्या. कितीजणी रडल्या असतील त्यापायी.

तर त्या दिवसाची गोष्ट. बाईंना निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते. तीन दिवस सर्दीतापाने घरी पडून त्या त्याच सकाळी कामावर आल्या होत्या, नाक अजून पार चोंदलेलं. आल्या आल्या फ्रीज उघडला तर साक्षीदारांच्या नळ्या शिळ्या झालेल्या. शिळ्या जंतूंची भिंत ढासळते, त्यांची साक्ष खरी नसते. बाईंनी त्या फेकून दिल्या आणि ताजे साक्षीदार उबवायला ठेवले. ते उद्या तयार होणार होते. रंगाच्या टेबलावरची स्पिरिटची बाटलीही संपली होती. त्यांनी कपाटातून नवी काढली, बूच उघडलं आणि जुनीच्या जागी ठेवली.

दुपारी दोनच्या सुमाराला बाळांच्या वॉर्डमधून नमुना आला. तीन दिवसांचं बाळ, दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मलेलं, दूध पिईना, अंग ताठ करत होतं. मणक्यातलं पाणी काढलं होतं, ते पांढुरकं गढूळ होतं आणि मोजून काही थेंब होतं. नमुना पोचायच्या आधी एक फोन आला होता, पोचल्यावर दुसरा आला, आणि बाई नमुना गरगर फिरवून गाळ तळाला बसवायच्या यंत्राचं झाकण लावत होत्या तेवढ्यात तिसरा. बाळांचे डॉक्टर स्वतः बोलत होते. तरुण माणूस, अजून घाबरायचं विसरला नव्हता.

"बाई, जरा लवकर होईल का? सध्या दोन औषधं चालू केलीत. काय आहे ते कळलं तर नेमकं एक जोरात देता येईल."

"हात चाललेत माझे," बाई म्हणाल्या.

साक्षीदार नव्हते. शेजारच्या फळीवर कालच्या तपासण्यांच्या बशा होत्या. त्यांतून एक ओळखीचा जांभळा आणि एक ओळखीचा गुलाबी टोकरून घ्यायचा म्हणजे दोन मिनिटांचं काम. बाईंना ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण एकतीस वर्षांचा हात आहे, असं मनात आलं. आणि तिकडे एवढासा जीव तडफडतोय, आता साक्षीदारांचे लाड कुठे करत बसायचे, असंही मनात आलं. त्यांनी नमुना स्लाइडवर घेतला, उरलेला जंतू वाढावेत म्हणून रक्त घातलेल्या जेलीच्या बशीवर पसरला, आणि स्लाइड रंगवायला घेतली. जांभळा. पाणी. आयोडिन. पाणी. मग नव्या बाटलीतलं ओतलं आणि मोजलं, एक, दोन, तीन, विसापर्यंत.

भिंगाखाली काड्या होत्या. आखूड, गोलसर टोकांच्या, दोनदोन जवळ पडलेल्या. गुलाबी.

फोन त्यांनीच केला. "काड्या आहेत. गुलाबी."

"नक्की ना बाई? कारण मग मी एक औषध थांबवतो. किडनीवर एवढा भार नको."

"मी सांगतेय ना," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आठाला आल्या. रक्ताच्या बशीवर दवासारखे बारीक करडे ठिपके उगवले होते. बाईंनी एक ठिपका हलकेच बाजूला सारला तर त्याच्या खाली रक्त विरघळून इवलासा उजळ डाग पडलेला. गुलाबी घराण्यातले जंतू असे उगवत नाहीत. साक्षीदार आता तयार होते. त्यांनी स्लाइड घेतली, मध्यभागी बशीवरचा जंतू, दोन टोकांना दोन साक्षीदार, रंगवली, मोजलं, आणि भिंगाखाली धरली.

मधला गुलाबी होता. गुलाबी साक्षीदार गुलाबी होता. आणि जांभळा साक्षीदारही गुलाबी होता.

त्या कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढेनात. मग उठून त्यांनी बाटली हातात घेतली. लेबलावर भांडारातल्या माणसाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, अ‍ॅसिटोन मिसळलेलं. स्पिरिटाला जे करायला वीस लागतात ते हे तीन-चारात करतं. नाक चोंदलेलं नसतं तर बूच उघडताच वासावरून कळलं असतं, नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास येतो त्याला. बाईंनी सूचनांची वही काढली. यापुढे स्पिरिटाऐवजी हे मिळेल, वेळ कमी ठेवावी, अशी सूचना दोन आठवड्यांपूर्वीची होती. खाली ज्यांनी वाचली त्यांच्या सह्या. पहिलीच सही बाईंची. त्यांनी ती न वाचता ठोकली होती.

मग आणखी एक स्लाइड केली, तीनपर्यंत मोजलं. काड्या जांभळ्या निघाल्या, गर्द जांभळ्या. खात्रीसाठी जंतू कालवलेला एक थेंब काचेवर उलटा टांगून भिंगाखाली पाहिला. काही जंतू कोलांट्या खात होते. याला शेपट्या थंडाव्यात जास्त फुटतात, उबेत मोजक्याच, पण फुटल्या की हा असा गडबडा लोळत पोहतो, दुसरा कुणी असं पोहत नाही. बाईंनी तो आयुष्यात चारदा पाहिला होता. फ्रीजच्या थंडीतही वाढणारा, अन्नातून गरोदर बाईच्या पोटात जाणारा, तिला जेमतेम ताप आणणारा आणि तिच्या बाळाला गाठणारा. भिंत विणणारे याचे जे कारागीर असतात, त्यांना डॉक्टरांच्या दोन औषधांतलं नवं भारी इंजेक्शन धरूच शकत नाही. साधं जुनं अँपिसिलिन धरतं, भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. डॉक्टरांनी थांबवलं होतं ते अँपिसिलिनच.

साडेनऊला फोन केला. काल अडीचपासून एकोणीस तास झाले होते. अर्ध्यापाऊण तासात एकाचे दोन, हा हिशेब मुलींना शिकवायला सोपा असतो.

डॉक्टरांनी औषध लगेच पुन्हा सुरू केलं. बाळाला रात्रभर झटके येत होते. त्या संध्याकाळी थोडं सावरल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं.

बाईंचा नवरा लेथवर काम करून निवृत्त झालेला, कानाने कमी झालेला. दोन खोल्यांच्या घरात तो टेबलाशी बसून बिघडलेलं घड्याळ नाहीतर रेडिओ खोलून बसलेला असे. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तसं ते एकमेकांना फारसं काही सांगत नसत.

"कुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"मला."

"मग झालं तर. आठ महिने राहिलेत तुझे. तोंडाला कुलूप लाव आणि तेवढे काढ."

"अहो, पोर गेलं त्यांचं."

"ते तू मारलंस का? जंतूने मारलं. तू काय घरून घेऊन गेली होतीस जंतू?" तो चिडला होता, आणि तो चिडला की खरं म्हणजे घाबरलेला असे. "मी तीस वर्षं लेथवर होतो. कितीदा माप चुकलं. तुकडा भंगारात टाकला, दुसरा घेतला. बोंबलत फिरलो का गावभर?"

बाई विळी घेऊन बसल्या. भाजी चिरायला घेतली ती तशीच चिरत राहिल्या, दोघांना चार दिवस पुरेल एवढी. त्यांना त्याचा राग आला नव्हता. त्याच्या बोलण्यात आपल्याला हवंहवंसं वाटणारं काहीतरी आहे, याची मात्र त्यांना फार लाज वाटली.

लॅबच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत, त्यांच्यापुढे बाईंनी दुसऱ्या दिवशी तिन्ही स्लाइडी आणि बाटली ठेवली. मॅडमनी सगळं पाहिलं आणि दार लावून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या. शिकलेल्या होत्या, न्यायी होत्या, आणि त्यांना आपल्या लॅबची काळजी होती.

"हा जंतू पहिल्या स्लाइडवर कधी कधी गुलाबी दिसतो," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकातसुद्धा आहे. आपण सुधारित रिपोर्ट पाठवणारच आहोत. त्यात तेवढंच लिहू."

"पुस्तकात आहे ते आमच्यासारख्यांमुळेच आहे मॅडम. माझा साक्षीदार असता तर मला त्याच क्षणी कळलं असतं."

"आणि कळलं असतं तर वाचलं असतं? या जंतूत तिघांतलं एक बाळ जातं, औषध वेळेवर देऊनही. तुम्हाला माहीत आहे."

"आणि दोन वाचतात," बाई म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, बाटली बदलली ती भांडाराने, सूचना काढली ती मी, सही केली ती तुम्ही. यातलं एक ओढलं की सगळे येतील. त्या बाळाच्या आईबापांना त्यातून काय मिळणार? घरी जा. दोन दिवस रजा टाका."

सुधारित रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, असं क्वचित होतं. बाईंनी त्यावर सही केली. हेही इथे सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून त्या कुणी देवमाणूस होत्या असा समज होईल. तसं काही नाही. अकरा दिवस त्या गप्प राहिल्या. कामाला आल्या, जेवल्या, झोपल्यासुद्धा. फरक इतकाच पडला की स्लाइड रंगवताना त्या मोठ्याने मोजेनात. मुलींना वाटलं, घसा अजून बसलेला असेल.

बाराव्या दिवशी सकाळी रिपोर्ट मिळायच्या खिडकीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. इस्पितळाची चिठ्ठी हातात. अंगावरचा कपडा नीट इस्त्रीचा, पण छातीशी दोन ओले डाग, ती त्यांच्यावर पर्स धरून उभी होती. खिडकीवर त्या वेळी वीसबाईच होत्या.

"बाळाच्या तपासणीचा कागद पाहिजे होता," ती म्हणाली. "शेवटचा. त्यावर जंतूचं नाव असतं म्हणाले."

बाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि तिला आत घेतलं, स्टूल दिलं. स्वतः उभ्याच राहिल्या. सुधारित रिपोर्टची प्रत काढून तिच्या हातात दिली. तिने ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. कोर्टात नकला काढायच्या कामाला होती ती, नंतर बोलता बोलता कळलं.

"हा फ्रीजमधल्या खाण्यातून येतो ना?"

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरच म्हणाले. खाण्यातून आईला, आईकडून बाळाला. तेव्हा सासूबाई तिथेच होत्या." ती कागदाकडे बघत बोलत होती. "मी ऑफिसातून उशिरा यायची. शेवटच्या महिन्यात फार थकायला व्हायचं. फ्रीजमधलं काढून तसंच खायची, न तापवता, उभ्या उभ्या. आता घरी तेच चाललंय. आल्यागेल्याला सांगतात, हिने चार घासांसाठी पोर घालवलं. हे काही बोलत नाहीत. फ्रीज रिकामा करून, धुऊन, दार उघडं ठेवलंय. मला म्हणून विचारायचं होतं, नेमकं कशातून आलं असेल ते कळतं का? दुधातून, मटणातून, की कशातून? म्हणजे निदान एवढं तरी कळेल की काय खाल्लं मी."

वीसबाईंना वाटलं, आता गप्प बसले तर या पोरीच्या गळ्यात मी धोंडा बांधला असं होईल, आणि तो ती जन्मभर वागवेल. आठ महिने, मॅडम, घरातला तो कानाने कमी झालेला माणूस, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाल्लं ते कुणीही खातं. पण एक सांगायचं राहिलंय. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट मी दिला होता. तो चुकीचा होता."

तिने मान वर केली.

बाईंनी सांगितलं. जांभळा म्हणजे काय, गुलाबी म्हणजे काय, भिंत म्हणजे काय, मुलींना सांगत तितक्या सोप्या शब्दांत. बाटली सांगितली, न वाचता केलेली सही सांगितली, दोन मिनिटं वाचवायला साक्षीदार लावले नाहीत ते सांगितलं. डॉक्टरांनी नक्की ना म्हणून विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. स्वतःला सोडवणारा एकही शब्द मध्ये येऊ दिला नाही, सर्दीचासुद्धा नाही. शेवटी म्हणाल्या, "योग्य औषध चालू होतं. माझ्या सांगण्यावरून ते एकोणीस तास बंद राहिलं."

"ते चालू राहिलं असतं तर?"

"तिघांतली दोन वाचतात."

ती रडेल, ओरडेल, अंगावर येईल, असं बाईंना वाटत होतं. त्याची त्यांनी तयारी केली होती, थोडी आशाही केली होती.

"लिहून द्या," ती म्हणाली.

बाईंनी लॅबचा कोरा फॉर्म घेतला आणि मागच्या बाजूला लिहायला बसल्या. पुढे हाच कागद फिरत फिरत वरपर्यंत गेला, चौकशी बसली, मॅडमची बदली झाली, आणि आठ महिने भरायच्या आत वीसबाईंना घरी बसवलं गेलं. नवरा कित्येक दिवस त्यांच्याशी बोलला नाही, मग बोलायला लागला. ते सगळं खरं असलं तरी त्याला फारसा अर्थ नाही. त्या वेळी बाई फक्त अक्षर नीट काढायच्या प्रयत्नात होत्या. त्यांनी लिहिलं की स्लाइड मी चुकीची रंगवली. पडताळा घेतला नाही. त्यामुळे बाळाचं योग्य औषध थांबलं. आणि शेवटी लिहिलं की औषध चालू राहिलं असतं तर बाळ कदाचित वाचलं असतं.

तिने कागद घेऊन वाचला. 'कदाचित'वर तिचं बोट थांबलं.

"हा शब्द काढता येईल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तो खरा आहे."

तिने मान हलवली. सही कुठे, शिक्का कुठे, ते दाखवलं, बाईंनी सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत ती कागद दोन बोटांत धरून बसून राहिली.

"आता घरात मला कुणी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणाच्या तरी अंगावरचं ओझं आपण खाली घेतलं.

ती उठली. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्स पुन्हा छातीशी धरली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"मला सगळे सांगत होते, तो जाणारच होता," ती म्हणाली. "वॉर्डमधल्या नर्स, डॉक्टर, माझी आई. रोज रात्री तेवढं एकच म्हणत मी झोपत होते, तो जाणारच होता, तो जाणारच होता." तिने बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "आता काय म्हणू?"